पांढरीचा कर, मिठाचा कर आणि बारा लाखांची सूट

१. प्राप्तिकरात सवलत जाहीर झाली की दुसऱ्या दिवशी घरोघरी एकच वाद रंगतो : याचा लाभ नक्की कुणाला? हा वाद आजचा नव्हे. नागपूरने तो दीडशे वर्षांपासून पाहिला आहे आणि त्याच्या एका अध्यायाचे नाव तर अस्सल इथल्या मातीतले आहे. आजचा धागा त्याविषयी. थोडा लांब आहे, सवडीने वाचा.

२. आरंभ एका शब्दाने करू. आपल्याकडे गावाचे दोन भाग मानत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसण्याची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. माझी आजी एखाद्या कुटुंबाबद्दल 'त्यांची काळी नाही, नुसती पांढरी आहे' असे म्हणे, तेव्हा त्याचा अर्थ असे की घर आहे, शेत नाही. आमचेही घर त्यांतलेच. काळीवर सारा बसे. मग ज्याच्याकडे काळीच नाही, त्या विणकर, कारागीर, दुकानदाराने सरकारला काय द्यायचे? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे पांढरीचा कर.

३. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात हा कर होता. १८५४ मध्ये राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, राजा बदलला. पण कर बदलला नाही. इंग्रजांनी १८६७ साली कायदा करून तो पुढे चालू ठेवला. शेतीबाहेरच्या कमाईवरचा कर, म्हणजे एका अर्थी प्राप्तिकरच. मात्र त्याचा भार मोठ्या पेढीवाल्याइतकाच मागावर बसणाऱ्या माणसावरही होता.

४. याच काळात साऱ्या हिंदुस्थानासाठी नवा प्राप्तिकर आला. १८५७ च्या उठावाचा खर्च भरून काढण्यासाठी जेम्स विल्सन यांना इंग्लंडहून धाडण्यात आले आणि १८६० साली त्यांनी हा कर बसवला. वर्षाला २०० रुपयांपर्यंत माफी, २०० ते ५०० वर शेकडा २, त्यापुढे शेकडा ४. त्याच वर्षीच्या ऑगस्टात विल्सन कलकत्त्यात वारले. कर मात्र राहिला.

५. पहिली करकपात दोनच वर्षांत झाली. १८६२ साली २०० ते ५०० रुपये मिळवणाऱ्यांना वगळण्यात आले. लहान माणसाकडून वसुली करताना त्रास फार आणि हाती थोडे, हा अनुभव त्यामागे होता. पुढे १८६५ मध्ये संपूर्ण करच मुदत संपून गेला. आता या दोन सवलती शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिली खालून दिलेली : तिचा लाभ फक्त तळच्या करदात्याला. दुसरी सरसकट : जो जितका अधिक भरत होता, त्याची तितकी अधिक बचत. दोहोंनाही 'करकपात' हाच शब्द आहे. पण माणसे वेगळी आहेत.

६. आणि या दोन्ही वेळी एक कर जागचा हलला नाही : मिठाचा. प्राप्तिकर येई, जाई, पुन्हा येई. मीठ मात्र कायम. कारण उघड आहे. प्राप्तिकर भरणारा माणूस अर्ज लिहू शकत होता, वर्तमानपत्रात पत्र छापू शकत होता. मीठ विकत घेणारी बाई आपण कर भरतो आहोत हे जाणतही नव्हती. तिच्या लेखी मीठ महाग होते, एवढेच.

७. १८८६ साली प्राप्तिकर कायमचा झाला. शेतीचे उत्पन्न त्यातून वगळले गेले, आणि ती तरतूद आजही चालू आहे. माफीची मर्यादा ५०० रुपये. २,००० रुपये व त्यावरील कमाईला रुपयामागे ५ पै, त्याखालच्या पगारदाराला ४ पै. एका रुपयात १९२ पै. म्हणजे दर शेकडा दोन ते अडीचच्या आसपास. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये, मिठावरील कर मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपये झाला.

८. महिना ४२ रुपये मिळवणारा कारकूनही आता करदाता झाला होता. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात मागणी केली की माफीची मर्यादा १,००० रुपये करावी. काँग्रेसमध्ये बसणारे वकील, शिक्षक, संपादक पाहता ही मागणी स्वाभाविकच होती. प्रश्न असा : हा वर्ग स्वतःपुरते मागून थांबणार होता का?

९. त्याचे उत्तर २६ मार्च १९०२ रोजी मिळाले. वरिष्ठ कायदेमंडळात लॉर्ड कर्झन अध्यक्षस्थानी, आणि अंदाजपत्रकावर बोलायला उभे राहिले पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले. वय ३५. तिथले त्यांचे हे अंदाजपत्रकावरील पहिलेच भाषण. सरकारच्या तिजोरीत ओळीने काही वर्षे शिल्लक पडत होती आणि अर्थखाते ती देशाच्या भरभराटीची खूण म्हणून दाखवत होते.

१०. गोखल्यांचा मुद्दा साधा होता आणि म्हणूनच बोचणारा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा लागोपाठच्या दोन दुष्काळांत देश होरपळला आहे. मध्य प्रांत तर विशेष. अशा वेळी तिजोरीत पैसा उरतो, याचा अर्थ लोक सुखी आहेत असा नसून लोकांकडून गरजेपेक्षा अधिक घेतले जात आहे, असा आहे. मग ते परत कुणाला द्यायचे? त्यांनी मागण्या एकत्र मांडल्या : मिठावरील कर कमी करा, प्राप्तिकराची माफी १,००० रुपयांपर्यंत वाढवा, देशी गिरण्यांच्या कापडावरील जकात काढा. आपल्या वर्गाची मागणी त्यांनी सोडली नाही. पण ती एकटीही ठेवली नाही. मला या भाषणातली ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

११. १९०२ मध्येच मध्य प्रांतातला पांढरीचा कर रद्द झाला. नागपूरच्या विणकराच्या डोक्यावरून पिढ्यान्‌पिढ्यांचे एक ओझे उतरले. पुढच्या वर्षी, १९०३ च्या अंदाजपत्रकात, प्राप्तिकराची माफी १,००० रुपये झाली आणि मिठाचा कर अडीच रुपयांवरून २ रुपये. पुढे १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये १ रुपया.

१२. आता १९०३ चा लाभ कुणाला किती, ते आपणच मांडून पाहू. ७५ रुपये महिना पगाराचा कारकून घ्या. वर्षाचे ९०० रुपये, रुपयामागे ४ पै : १८ रुपये १२ आणे कर. तो पूर्ण वाचला. आता पाच माणसांचे मजुराचे कुटुंब घ्या. वर्षाला पाऊण मण मीठ लागते असे धरले, तर मणामागे आठ आण्यांच्या कपातीने वाचले सहा आणे. तेही व्यापाऱ्याने भाव पूर्ण उतरवला तर.

१३. १८ रुपये १२ आणे विरुद्ध ६ आणे. ऐकताना अन्याय वाटतो. पण दिवसाला दोन-तीन आणे मजुरी मिळणाऱ्या घरात सहा आणे म्हणजे दोन ते तीन दिवसांची कमाई. शिवाय कारकुनांची संख्या हजारांत मोजायची, मीठ खाणाऱ्यांची कोटींत. एकाला मिळालेली रक्कम पाहिली तर कारकून जिंकला. रक्कम किती चुलींपर्यंत पोहोचली हे पाहिले तर मजूर. 'लाभ कुणाला' या प्रश्नाची दोन खरी उत्तरे असू शकतात, ती अशी.

१४. अजून एक बारकावा. १९०३ साली १,००० ची मर्यादा आली, पण ५,००० मिळवणाऱ्याला काहीच मिळाले नाही. तेव्हा मर्यादा ओलांडली की संपूर्ण कमाईवर कर लागत असे. आज आपण टप्प्यांनी कर मोजतो. त्यामुळे खालचा टप्पा रुंदावला की वरच्या साऱ्यांचाही कर थोडा उतरतो. ही यंत्रणा ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

१५. आता सत्तर वर्षांची उडी. अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण. १९७१ मध्ये त्यांच्याच काळात प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर गेला. दोन लाखांच्या वरच्या प्रत्येक १०० रुपयांतून हाती उरत सव्वादोन रुपये. त्याच वर्षाच्या अखेरीस माजी सरन्यायाधीश वांछू यांच्या समितीने सांगितले की इतका चढा दर करचुकवेगिरीलाच खतपाणी घालतो. १९७४ मध्ये चव्हाणांनीच तो ७७ टक्क्यांवर आणला आणि माफीची मर्यादा ५,००० वरून ६,००० रुपये केली.

१६. इथे लाभाचे एक तिसरेच उत्तर पुढे आले : तिजोरीला. दर उतरला तर लपवलेले उत्पन्न उजेडात येईल, हा तर्क. तो पुढे १९८५, १९९२ आणि १९९७ च्या कपातींमागेही होता. १९९७ पासून १०, २०, ३० टक्के असे तीन दर आले. या तर्कात तथ्य आहे. पण त्याची एक सोयही आहे. वरच्या माणसाला दिलेली सवलत त्यामुळे सर्वांच्या हिताची म्हणून मांडता येते. मिठाबाबत असे काही मांडावे लागत नाही. तिथे लाभ घेणारा समोर दिसतो.

१७. मग १ फेब्रुवारी २०२५. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर नाही. पगारदाराला प्रमाणित वजावटीसह पावणेतेरा लाखांपर्यंत. सरकारने सोडलेले प्रत्यक्ष कराचे उत्पन्न सुमारे १ लाख कोटी. १२ लाखांवर बचत ८० हजार, १८ लाखांवर ७० हजार, २५ लाखांवर १ लाख १० हजार. वर सांगितलेली टप्प्यांची यंत्रणा इथे दिसते. आणि ६ लाख मिळवणाऱ्याची बचत? शून्य. कारण त्याला आधीच कर नव्हता.

१८. आमच्या घरात हा वाद रकमेचा नव्हता, मानाचा होता. माझा धाकटा भाऊ मिहानमध्ये नोकरीला. त्याचे ८० हजारांच्या घरात वाचणार होते. वडिलांचे महालात शिवणकामाचे छोटे दुकान. बातमी ऐकून त्यांनी विचारले, "मले काय भेटलं रे यातून?" भाऊ म्हणाला, "बाबा, माझ्या हाती पैसा आला की मी खर्च करणार, बाजार हलेल, तुमच्याकडे चार कपडे जास्त शिवायला येतील." वडिलांचे उत्तर : "येतील तं चांगलंच आहे. पण तुला आज भेटलं, मी वाट पाहायची."

१९. भावाचे म्हणणे खोटे नाही. खर्च वाढला तर त्याचा ओघ दुकानापर्यंत येतो. पण तो ओघ आहे, हक्क नाही. ८० हजार घराच्या हप्त्यात गेले तर शिंप्याच्या मशीनपर्यंत काही पोहोचत नाही. प्रत्यक्ष सवलत आणि पाझरणारी सवलत यांतला हा फरक वडिलांनी एका वाक्यात सांगितला. तो सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला अधिक लागले. ज्याची मोजदाद कधी झाली नाही, त्याला वाट पाहण्याची सवय होते.

२०. त्याच वर्षी २२ सप्टेंबरला जीएसटीचे दर उतरले. साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल १८ वरून ५ टक्क्यांवर. शिवणयंत्रे १२ वरून ५ वर. १९०३ चा दुसरा अर्धा भाग म्हणता येईल असा. प्राप्तिकर न भरणाऱ्यालाही हा लाभ मिळू शकतो, कारण साबण साऱ्यांनाच लागतो. भाव खरोखर उतरला तर, ही जुनी अट इथेही आहेच. गोखल्यांनी दोन्ही गोष्टी एका भाषणात मागितल्या होत्या आणि १९०३ मध्ये त्या एकाच अंदाजपत्रकात मिळाल्या. २०२५ मध्ये मधे साडेसात महिने गेले. क्रमातून प्राधान्य कळते.

२१. म्हणून माझे मत असे. प्राप्तिकरातील सवलत वाईट नाही. मध्यमवर्गाला ती मागण्याचा पूर्ण हक्क आहे. पण तिच्याबद्दल बोलताना तीन प्रश्न विचारावेत. आधी हा कर भरत कोण होते? कपात खालून झाली की वरून? आणि त्याच वेळी कुठला कर जागचा हलला नाही? तिसरा प्रश्न बहुधा विसरला जातो, आणि लाभ कुणाचा याचे अर्धे उत्तर त्यातच असते.

२२. छिंदवाडा मार्गावरच्या राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत देशभरातले तरुण अधिकारी कर वसूल करायला शिकतात. त्याच शहरातल्या जुन्या पेठांत कधी काळी पांढरीचा कर वसूल होत असे, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. कुणाच्या घरी जुन्या पेटीत पांढरीची एखादी पावती, सनद किंवा वहीचे पान असेल, तर त्याचे छायाचित्र इथे जरूर टाका. नाव झाकले तरी चालेल. रक्कम आणि साल तेवढे दिसू द्या.