मधली धार

चि. राणी,


कासारसाईच्या शाळेत रुजू झाल्याचं कळलं. प्रयोगांचं साहित्य कुठून आणू, असं विचारलंस. त्याची चिंता नको. टेल्कोतले इंजिनिअर अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा काढून होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षणाच्या कामात गेले. आगपेटीच्या काड्या नि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर त्यांनी भूमितीचे आकार उभे केले. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतही त्यांची खेळणी टाकाऊ वस्तूंचीच.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची.

मी सातवीला पाण्याचा दाब शिकवायची. बाटलीला एकाखाली एक तीन भोकं. खाली दाब जास्त, म्हणून खालची धार सर्वांत लांब. पुस्तकातलं चित्रही तसंच. एका वर्षी पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, मधली लांब जातेय." मी म्हटलं, "नीट बघ." ती गप्प बसली. बरोबर तीच होती, हे मला फार उशिरा कळलं. तिची क्षमा मागायची राहून गेली, ते अजून सलतं.

तू करून बघ. दोन लिटरच्या बाटलीला तळापासून ६, १२ आणि १८ सेंटिमीटरवर तापल्या खिळ्यानं भोकं पाड, चिकटपट्टी लाव, २४ सेंटिमीटरपर्यंत पाणी भर, झाकण काढून ठेव. बाटली परातीत ठेवून पट्टी ओढ. खालची धार सर्वांत जोरात सुटते, पण तिला पडायला उंचीच नसते, म्हणून लगेच परातीला टेकते. वरच्या धारेला उंची आहे, जोर नाही. दोघी जवळजवळ एकाच जागी पडतात आणि मधली त्यांच्या पुढे जाते. आता तीच बाटली स्टुलाच्या कडेवर ठेवून धारा जमिनीवर पडू दे. खालची पहिली येते!

पट्टी ओढण्याआधी प्रत्येकाला आपला अंदाज वहीत लिहायला लाव. उत्तर आधी फळ्यावर आलं की मुलं धारेकडे बघत नाहीत, फळ्याकडे बघतात.

मग त्यांना तुमच्या कासारसाईच्या धरणाकडे घेऊन जा. मातीची ती भिंत वर अरुंद, खाली एवढी रुंद का, विचार. पाण्याचा दाब हे एक कारण. ढिगातली माती उतारावरच टिकते, हेही मुलं वाळूच्या ढिगावरून सांगतील. तू घाई करू नकोस.

कोण काय म्हणालं, ते मला सविस्तर लिही.

तुझी,
मावशी