गोणपाटाचा तुकडा

भिवंडी म्हटले की लोकांना यंत्रमाग आठवतात. कामवारी नदी आणि खाडी आमच्या गावाला लागून आहेत. पण आमच्या मोहल्ल्यातील मुलांचे कान मागांच्या खडखडाटालाच सरावलेले. शीड, सुकाणू, नांगर हे शब्द मी शिकलो ते आजोळी, रायगड जिल्ह्यातील राजपुरी गावात.

राजपुरीसमोर समुद्रात जंजिरा किल्ला उभा आहे. किल्ला पाहायला येणाऱ्यांना तेथील नावाडी शिडाच्या होड्यांतून नेतात. माझे मामू त्यांच्यापैकीच एक. मार्च २०२० मध्ये नानीची तब्येत बिघडली, म्हणून अम्मी मला घेऊन राजपुरीला गेली. तेवढ्यात टाळेबंदी सुरू झाली आणि आम्ही तेथेच राहिलो. अब्बा भिवंडीत होते. तिकडे माग बंद, इकडे होड्या बंद!

रमजान ईद होऊन आठवडा झाला असेल. हवामान खात्याचा इशारा आला की, ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ ३ जूनला रायगडच्या किनाऱ्यावर येणार आहे. २ जूनला पहाटेच मामूंनी मला उठवले. “चल बेटा, आज खूप काम आहे.”

किनाऱ्यावर सगळा गाव जमला होता. लहान होड्या लोकांनी मिळून ओढल्या आणि भरतीच्या रेषेच्या पुष्कळ वर नेऊन ठेवल्या. मी विचारले, “इतक्या वर कशाला?” मामू म्हणाले, “पौर्णिमा तीन दिवसांवर आली आहे. भरती मोठी असणार. त्यात वादळ समुद्राचे पाणी किनाऱ्याकडे ढकलते. रोजची रेषा उद्या उपयोगाची नाही.”

मामूंची होडी मोठी होती. ती आम्ही खाडीत आत, आडोशाला नेली. प्रथम शीड उतरवून घरी नेले. शिडाची लांब काठीही काढली. गुंडाळलेले शीडसुद्धा वारा धरते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे मी पुढे शाळेत शिकलो. मामूंना ते अनुभवाने ठाऊक होते. मग दोन नांगर टाकले. दोर मुद्दाम लांब सोडले, कारण दोर आखूड असला तर पाणी चढल्यावर नांगर उपटतो. शेजारच्या होडीशी टक्कर होऊ नये म्हणून मध्ये जुने टायर बांधले.

शेवटचे काम मामूंनी माझ्यावर सोपवले. दोर होडीच्या काठावर जेथे घासतो, तेथे गोणपाट गुंडाळून सुतळीने घट्ट बांधायचे. अशा चार जागा होत्या. तीन मी नीट बांधल्या. चौथ्या जागेपर्यंत ऊन चढले, भूक लागली. वाटले, एवढ्या जाड दोराला काय होणार? गोणपाटाचा तुकडा तेथेच टाकून मी घरी पळालो. मामूंनी विचारले, “सगळे झाले?” मी म्हणालो, “हो.”

३ जूनला दुपारी वादळ आले. वारा ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने वाहत होता. छपरांचे पत्रे उडाले, नारळी-पोफळी मोडून पडल्या. चक्रीवादळात वारा गोल फिरतो. त्यामुळे वादळ पुढे सरकले तशी त्याची दिशाही बदलली. आम्ही सगळे एका खोलीत बसून दुवा मागत होतो. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तो गोणपाटाचा तुकडा होता.

संध्याकाळी आम्ही खाडीवर गेलो. मामूंची होडी शाबूत होती. पण एक दोर तुटला होता. एकाच दोरावर फिरत होडी शेजाऱ्यांच्या होडीवर आदळली होती आणि त्यांच्या दोन फळ्या फुटल्या होत्या. “वादळापुढे कोणाचे काय चालते?” लोक म्हणाले. मी खाली पाहत राहिलो. दोर नेमका चौथ्या जागेवर झिजून तुटला होता.

रात्री मला झोप लागेना. उठून मी मामूंना सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. सकाळी ते मला शेजारच्या चाचांकडे घेऊन गेले आणि म्हणाले, “आता यांना सांग.” मी अडखळत सांगितले. चाचांनी माझ्याकडे पाहिले. म्हणाले, “फळ्या बसवायला माणूस हवाच होता. उद्यापासून ये.” मी आठ दिवस त्यांच्या हाताखाली काम केले. फळ्यांचे पैसे मामूंनी दिले.

पुढे भिवंडीला परतल्यावर मी हे अब्बांना सांगितले. ते म्हणाले, “मागावर तार तुटली तर आम्ही माग थांबवतो, गाठ मारतो आणि पुन्हा चालू करतो. वादळ कोण थांबवणार? तेथे गाठ आदल्या दिवशीच मारावी लागते.”

मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून जाणार अशी बातमी आली. मी लगेच मामूंना फोन केला. “मामू, दोरांना गोणपाट बांधले का?”

मामू हसले. म्हणाले, “बांधले, बेटा. चारही जागी. आणि चाचांच्या होडीचेही पाहून आलो.”