दोन पाळ्यांचं यंत्र

गेमिंग लॅपटॉपच्या किमतीला भाजीसारखंच ऋतुमान असतं. जानेवारीत लास व्हेगासच्या प्रदर्शनात ग्राफिक्स कार्डांची नवी पिढी जाहीर होते, उन्हाळ्यापर्यंत ती दुकानांत पोचते आणि मग आधीच्या पिढीचा माल गोदामात जागा अडवून बसतो. २०२५च्या जानेवारीत एनव्हिडियाने आरटीएक्स ५० मालिका जाहीर केली. मे महिन्यात ५०६० वाले लॅपटॉप यायला लागले. नवरात्र येईतो ४०६० वाल्यांची अवस्था रात्री आठ वाजताच्या मंडईतल्या मेथीसारखी झाली होती. माल सकाळचाच, चांगला. पण उद्यापर्यंत ठेवायची कोणाची तयारी नाही.

मी ती जुडी घेतली. घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबरला. छापील किंमत १,२२,९९० रुपये, सेलची किंमत ८१,९९०, आणि एका बँकेच्या कार्डावर आणखी पाच हजार कमी. त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले होते, दुकानात सगळीकडे उत्सवाच्या पाट्या होत्या. मोठे टीव्ही आणि एसी २८ टक्क्यांवरून १८वर उतरले होते. लॅपटॉप आधी १८वर होता तो तिथेच राहिला. पाटी मात्र त्याच्याही डोक्यावर लावलेली होती. ‘बिनव्याजी हप्ते’ घ्या म्हणून विक्रेता मुलगा फार मागे लागला. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सुनावलंय. व्याज आधी सवलत म्हणून वजा दाखवतात, मग हप्त्यांत लावतात आणि त्या व्याजावरचा जीएसटी कार्डाच्या बिलात निमूटपणे येऊन बसतो. मी एकरकमी पैसे दिले. साठवलेले होते.

माझं काम इमारती उभ्या राहण्याआधी त्यांचे फोटो काढण्याचं आहे. आर्किटेक्टकडून नकाशे येतात, मी संगणकात भिंती उभ्या करते, फरशी घालते, सोफा ठेवते, खिडकीतून दुपारचं ऊन आत सोडते आणि चित्र काढून देते. या धंद्यात त्याला ‘रेंडर’ म्हणतात. आधी एका स्टुडिओत नोकरी होती, गेली चार वर्षं चिंचवडच्या घरातून स्वतःचं काम करते. ब्लेंडर वापरते, ते फुकट आहे. २००२ साली लोकांनी एक लाख युरो वर्गणी काढून त्याचा कोड मोकळा करून घेतला, त्याचं पुण्य माझ्यासारख्यांना अजून लागतंय.

सॉफ्टवेअर फुकट असलं तरी ऊन फुकट नसतं. प्रकाशाचा एकेक किरण खोलीत कुठे आपटतो, कुठे परततो, पांढऱ्या भिंतीवर लाल गालिच्याची किती झाक येते, हे सगळं कोणीतरी मोजायला लागतं. जुन्या मशीनवर मोठ्या आकाराचं एक चित्र निघायला एक तास वीस मिनिटं लागायची. ग्राफिक्स कार्डात हजारो छोटे मोजणीदार एकाच वेळी कामाला लागतात, त्यामुळे नव्या लॅपटॉपवर तेच चित्र आठ मिनिटांत निघतं. हेच काम करणारे ‘वर्कस्टेशन’ नावाचे लॅपटॉपही मिळतात. त्यांतली चिप बहुतेक वेळा गेमिंगवाल्यांच्याच घराण्यातली असते. वर ड्रायव्हरची प्रमाणपत्रं असतात, झाकण सभ्य काळं असतं आणि किंमत माझ्या हिशोबात न बसणारी असते. म्हणजे खेळणाऱ्या पोरांच्या बाजारपेठेमुळे मला माझं अवजार स्वस्तात मिळालं. या पोरांचे आभार कोणी मानत नाही.

घेताना एक गोष्ट बघून घ्यावी. ४०६० हे नाव सगळ्यांचं एक असलं तरी लॅपटॉपमधल्या या कार्डाला ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही वीज दिलेली असू शकते, आणि काम त्या प्रमाणात होतं. जाहिरातीत हा आकडा ठळक नसतो, खाली बारीक अक्षरात हुडकावा लागतो. माझ्यातलं पूर्ण विजेचं आहे. त्याची किंमत दुसरीकडे मोजते: चार्जर विटेएवढा आहे, पंखे लागले की शेजारच्या खोलीत कळतं, आणि प्लग काढला की कार्ड लगेच मवाळ होतं. मांडीवर ठेवायच्या वस्तूला लॅपटॉप म्हणतात, तर हा ‘टेबलटॉप’ आहे. कार्डाची मेमरी आठ जीबी, तिचाही काच आहेच. बंगल्यासमोर पानापानाचा गुलमोहर लावला की मशीन हात वर करतं. मग मी मागची झाडं हलक्या प्रतीची लावते. गिऱ्हाईक मागची झाडं बघत नाही.

दिसायला मात्र तो अगदी पोरांचाच आहे. कीबोर्डखाली लाल दिवे, झाकणावर पंजा मारल्यासारखं बोधचिन्ह. पहिल्याच मीटिंगला बाणेरच्या एका बिल्डरने विचारलं, “मॅडम, मुलाचा लॅपटॉप आणलात का?” मला मुलगा नाही. मी दिवे पांढरे करून घेतले आणि पुढची स्लाइड दाखवली. पण खरं सांगायचं तर प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. मी खेळते. एकेचाळीसाव्या वर्षी, एकटी, हेडफोन लावून, रात्री दहा ते बारा.

हे आमच्या घरात अण्णांना समजावणं सगळ्यात अवघड होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. भोसरीत एका कारखान्यात एकतीस वर्षं लेथवर होते, तीन पाळ्यांत. त्यांच्यासाठी मशीन म्हणजे पाळी. खंडेनवमीला मी लॅपटॉप पुसून पाटावर ठेवला, त्यांनी त्यांचा जुना मायक्रोमीटर आणि व्हर्नियर शेजारी मांडले, झेंडूचं फूल हातात घेतलं आणि थांबले.

“अगं, हे हत्यार आहे का खेळणं?”

“दोन्ही आहे, अण्णा.”

“दोन्ही कसं असेल? लेथवर कोणी खेळतं का?”

फूल त्यांनी वाहिलं, पण हळदकुंकू आधी व्हर्नियरला. मग दिवसभर लॅपटॉप बंद ठेवायचा, असा हुकूम निघाला. हत्यारांना त्या दिवशी सुट्टी असते. “आणि खेळायचं असलं तर?” मी विचारलं. त्यांनी बराच विचार केला. “खेळायला हरकत नाही,” म्हणाले, “ते काम नाही.”

पंख्यांचा आवाज मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून कळला. तो ऐकला की ते आतून ओरडतात, “कूलंट कमी पडतंय!” दर दोन महिन्यांनी तेच मागचं झाकण उघडतात, स्क्रू क्रमाने वर्तमानपत्रावर मांडतात आणि रंगाच्या बारीक ब्रशने धूळ काढतात. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, फिरू द्यायचं नाही, हे मी त्यांना एकदाच सांगितलं होतं.

मी काय खेळते, तर बहुतेक वेळ फिरते. ‘राजी’ नावाचा खेळ पुण्यातल्याच एका स्टुडिओने, नॉडिंग हेड्स गेम्सने, २०२० साली काढला. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेली मुलगी, महाल, पाण्याची कुंडं, कठपुतळ्यांच्या सावल्या. मी राक्षस मारायचं सोडून कमानींच्या खाली उभी राहून जाळीतून येणारा उजेड बघत बसते. ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ हा २०१४चा खेळ, फ्रेंच राज्यक्रांतीतल्या पॅरिसचा. त्यातलं नोत्र दाम मी इतक्या वेळा चढले आहे की पायऱ्या पाठ झाल्यात. २०१९च्या एप्रिलमध्ये खरं नोत्र दाम जळलं, तेव्हा कंपनीने तो खेळ आठवडाभर फुकट वाटला होता. माझी प्रत तेव्हाचीच. जुन्या मशीनवर तो रखडत चालायचा. आता कुठे वरच्या मजल्यावरच्या रंगीत काचा नीट दिसल्या.

सेकंदाला साठ चित्रं हवी असली की एका चित्रासाठी खेळाला सोळा मिलिसेकंद मिळतात. माझ्या एका चित्राला आठ मिनिटं. साहजिकच खेळ लबाड्या करतो: जे दिसत नाही ते काढतच नाही, उजेड आधीच रंगवून ठेवतो, लांबचा माणूस पुठ्ठ्याचा असतो. माझ्या आठ मिनिटांत किरण सगळे खरे मोजलेले असतात. तरी दहा बाय दहाची बेडरूम मी रुंद भिंगातून अशी दाखवते की तिथे बॅडमिंटन खेळता येईल, खिडकीबाहेर टेकडी ठेवते जिथे प्रत्यक्षात समोरच्या सोसायटीची ड्रेनेजची पाइपलाइन आहे, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘चित्र केवळ कल्पनेसाठी’ असं असतं. त्या चित्राकडे बघून माणसं वीस वर्षांचं कर्ज काढतात. दोन्हींपैकी पोरखेळ कोणाला म्हणायचं, यावर माझं मत ठरलेलं आहे. बिल्डरला सांगत नाही इतकंच.

अडचण दुसरीच आहे. काम आणि खेळ या दोघांना तेच कार्ड लागतं. पूर्वी जुन्या मशीनवर रेंडर लावून मी झोपायचे. खेळायला काही नव्हतंच, त्यामुळे प्रश्नही नव्हता. आता तीस सेकंदांची चित्रफीत करायची, तर सेकंदाला पंचवीस चित्रं धरून साडेसातशे चित्रं होतात. त्यांना छोट्या आकारातही दोन-दोन मिनिटं लागली की पंचवीस तास. तेवढा वेळ नोत्र दाम बंद. आणि उलटही खरं आहे: मी दोन तास कमानी बघत बसते, तेव्हा साठ चित्रं निघायची राहतात. स्वतःच्या धंद्यात तासाला दर लागलेला असतो. माझ्या खेळाची किंमत मला रोज रुपयांत काढून दाखवणारं यंत्र मी स्वतःच्या पैशाने घरात आणलं होतं.

कामाची माणसं हे फार लवकर ओळखतात. मशीन वेगवान झालं हे कळल्यावर “सकाळपर्यंत द्या” चं “रात्रीच द्या” झालं. डिसेंबरात एका इंटिरियरवाल्यांचा पावणेअकराला निरोप आला: टाइलचा रंग बदलायचाय, आठ मिनिटांचंच काम आहे ना? आठ मिनिटांचा आकडा त्यांना मीच कौतुकाने सांगितला होता. टाइल बदलली की उजेड बदलतो, उजेड बदलला की परदे मळकट दिसतात, हे त्यांना ठाऊक असतं तर त्यांनी मला कशाला बोलावलं असतं. मी लिहिलं, “उद्या अकरापर्यंत देते.” त्यांनी फोन केला. मी तेच सांगितलं. अकराला चित्र गेलं, पैसे आले आणि पुढचं काम आलं नाही. वर्षाच्या कमाईतला साधारण पाचवा हिस्सा त्या एका घराकडून यायचा. जानेवारी-फेब्रुवारी चणचणीत गेले. त्या दोन महिन्यांत मशीन मोकळं होतं, रात्र मोकळी होती, आणि खेळावंसं फारसं वाटलं नाही हेही नोंदवून ठेवते. मार्चमध्ये नाशिकचा एक शाळेचा प्रकल्प आला, वर्ग, व्हरांडे, एक सभागृह. कामं पुन्हा सुरू झाली आणि रात्रीचा खेळही. दहानंतर फोन बंद, हा नियम तसाच आहे.

अण्णांनी याला त्यांचं नाव दिलंय. रेंडर चालू असलं की ‘पहिली पाळी’, मी हेडफोन लावले की ‘दुसरी’. परवा शेजारच्या काकांना सांगत होते, “तिची दुसरी पाळी चालू आहे, आता हाक मारून उपयोग नाही.” काका तिला बिचारी म्हणाले. अण्णांनी खुलासा केला नाही.

उन्हाळ्यात रिटर्नच्या कामाला सीएकडे गेले. संगणकावर वर्षाला चाळीस टक्के घसारा मिळतो. पण वस्तू धंद्यासोबत खासगी कामालाही वापरत असाल, तर जुन्या, १९६१च्या आयकर कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे घसारा धंद्याच्या वाट्यापुरताच धरायचा.

“पूर्ण धंद्यासाठीच ना?” त्यांनी स्क्रीनकडे बघतच विचारलं.

“नाही. खेळते मी त्यावर.”

त्यांनी मान वर केली. “मॅडम, शंभर टाकू. फार तर नव्वद. कोण बघायला येतंय?”

मी मनात तास मोजले, रविवार धरून, चणचणीचे दोन महिने धरून. सत्तर टाका म्हटलं. नऊ हजारांहून जास्त घसारा त्यात गेला. त्यांनी खांदे उडवले, सत्तर टाकलं आणि पुढची पावती मागितली.