उकिरडा

आमच्या गावी गोठ्यामागं उकिरडा होता. आजी रोज सकाळी शेणाची पाटी त्यात रिकामी करायची. गुरांनी तुडवलेली वैरण, चुलीतली राख, भाजीचे देठ, अंगणातली झाडलोट, सगळं तिथंच. मला नवल वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. रोज एवढं टाकूनही खड्डा भरून वाहायचा नाही. काल वर आलेला ढीग चार दिवसांत खाली बसलेला असायचा. हे सगळं जातं कुठं? आजीला विचारलं की ती म्हणायची, ‘‘कुजतंय ते, बाळा.’’ थंडीच्या दिवसांत पहाटे त्यातून वाफा निघत. आत खुपसलेली काठी उपसून टोकाला हात लावला, तर चटका बसे.

‘जातं कुठं’ याचं उत्तर कृषी महाविद्यालयात मिळालं. ते हवेत जातं. जिवाणू आणि बुरशी काडीकचऱ्यातला कर्ब खातात, त्यावर जगतात, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतो. ती वाफ, तो चटका म्हणजे त्यांच्या जगण्याची ऊब. चांगला रचलेला ढीग आतून साठ अंशांपर्यंत तापतो. मग तो निवतो, आणि शेणाचा वास जाऊन पहिल्या पावसाचा वास येऊ लागतो. तो वास ॲक्टिनोमायसिट्स नावाच्या जिवाणूंचा. खत मुरलं की नाही, हे आजी मूठभर खत नाकाशी नेऊन सांगायची. ती परीक्षा मला आजही पुरेशी वाटते.

पुढं नोकरी लागली ती माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत. वॉकली आणि ब्लॅक यांची १९३४ सालची पद्धत आम्ही वापरत होतो. चाळलेली माती चंबूत घ्यायची, त्यावर पोटॅशियम डायक्रोमेटचं नारिंगी द्रावण आणि सल्फ्युरिक ॲसिड ओतायचं. चंबू हातात धरवत नाही इतका तापतो. मातीत कर्ब भरपूर असेल, तर नारिंगी रंग तिथल्या तिथं हिरव्याकडे झुकतो. पण आमच्या टेबलावर बहुतेक चंबू नारिंगीच राहत. सेंद्रिय कर्ब ०.४ टक्क्यांच्या खाली, म्हणजे कमी. एकेकाळी कसदार म्हणून नावाजलेल्या काळ्या रानांचे हे आकडे लिहिताना जीव तुटायचा.

शेतकरी विचारत, ‘‘साहेब, एकदाच दाबून खत घातलं तर कर्ब टिकेल ना?’’ टिकत नाही. आपल्याकडच्या उन्हात, पाणी देऊन नांगरलेल्या रानात जिवाणू फार वेगानं खातात. घातलेल्यातला थोडाच भाग मातीच्या कणांना चिकटून वर्षानुवर्षं राहतो, बाकीचा हवेत परत जातो. याचं वाईट वाटायचं कारण नाही. जाता जाता तो जिवाणूंना पोसतो, त्यांच्या चिकट स्रावांनी माती भुसभुशीत होते, नत्र आणि स्फुरद मुळांना मिळतं. कर्बाचं काम त्याच्या फिरण्यात आहे. म्हणून आजीची पाटी रोजची होती.

ही समज फार जुनी आहे. इंदूरला १९२४ साली सुरू झालेल्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्र भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ढीग वेळोवेळी परतून खत करण्याची पद्धत बसवली. १९३१ साली दोघांच्या नावानं त्यावर पुस्तक निघालं. परतायचं ते हवा खेळावी म्हणून. हवा कोंडली की दुसरेच जिवाणू कामाला लागतात आणि मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक उष्णता धरतो. मुंबईत देवनारला १९२७ पासून शहराचा कचरा पडतो आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथं आग लागली आणि दिवसेंदिवस धूर शहरावर राहिला. भाजीचा देठ तोच, पण त्याला परसात हवा मिळायची आणि तिथं तो ढिगाखाली गाडला गेला.

आता गावी गेलो की संध्याकाळी उसाची पाचट पेटलेली दिसते. तोडणी झाली की काडी ओढायची, तासाभरात रान साफ. हेक्टरी आठ-दहा टन पाचट असते. कुजली असती तर तिच्यातलाही बराच कर्ब हवेत गेलाच असता, पण वर्षभर मातीला जगवत, थोडा मागे ठेवून. आगीत मातीला राखेपलीकडं काही उरत नाही, आणि नत्रही धुरासोबत जातं.

पाचटीनं खोडवा, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस, पिवळा पडतो, ही तक्रार खरी आहे. पाचटीत कर्ब फार आणि नत्र थोडं, म्हणून जिवाणू मातीतलं नत्र उचलतात आणि ऊस काही काळ उपाशी राहतो. त्यावर उपाय आहे. खोडवा ठेवणाऱ्यांनी पाचट एकाआड एक सरीत दाबा, वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाका, पाणी द्या. यंदा तेवढी काडी ओढू नका.