साठचा नियम आणि मागे राहिलेलं मूल

"सर, मोबाईल असताना पाढे कशाला?" चौथीतल्या एका मुलाने विचारलं. विमानाचा आवाज आला की हाच सगळ्यात आधी खिडकीत पळतो. म्हणून उदाहरणही विमानाचंच घेतलं.

फळ्यावर नांदेड ते लातूर सरळ रेघ ओढली. हवाई अंतर साधारण ६० नॉटिकल मैल (एक म्हणजे १.८५२ किमी). लहान विमानाचा वेग ताशी ९० मैल धरला, म्हणजे मिनिटाला दीड. वारा नसेल तर किती वेळ? "४० मिनिटं!" मुलं म्हणाली.

मग वैमानिकांचा साठचा नियम सांगितला. ६० मैलांत १ मैल बाजूला गेलो, तर दिशा १ अंशाने चुकली. खरा आकडा ५७.३ आहे, पण तोंडी हिशोबाला ६० सोपा.

समजा, ३० मैलांत वाऱ्याने २ मैल बाजूला ढकललं. त्या हिशोबाने ६० मैलांत ४. चूक ४ अंशांची.

"मग ४ अंश वळवायचं!" तोच मुलगा ओरडला.

नाही. तेवढ्याने विमान रेघेला समांतर जाईल आणि लातूर २ मैल बाजूला राहील. उरलेल्या ३० मैलांत लातूर गाठायचं तर आणखी ४ हवेत. एकूण ८.

फळा पुसताना मलाच चुटपुट लागली. हा मुलगा दुसरीपासून मागे आहे. मी त्याची रोजची चूक दुरुस्त करत होतो, मागचं अंतर तसंच ठेवून. उद्यापासून मधल्या सुट्टीत त्याच्यासाठी वीस मिनिटं. सुरुवात दोनच्या पाढ्यापासून.