रकाना नसलेली सोय

प्रशासनात अनेक सोयी नियमाने उपलब्ध असतात, परंतु अर्जात त्यांच्यासाठी रकाना नसतो. मग नागरिकापुरत्या त्या सोयी अस्तित्वातच नसतात. संगणकातही हेच घडते, हे महाराष्ट्राबाहेरील एका राज्यात निवृत्तिवेतनाच्या प्रणालीचा आढावा घेताना माझ्या ध्यानात आले.

तेथे अर्ज स्वीकारणारी आज्ञावली आणि पोस्टग्रेसचा डेटाबेस एकाच यंत्रावर होते. तरीही दोघांचा संवाद नेटवर्कच्या रीतीने, 5432 क्रमांकाच्या पोर्टवरून चाले. एकाच दालनातील दोन टेबलांमध्ये लखोटा बंद करून, आवक-जावक नोंद घेऊन संचिका पाठवावी, तसा हा प्रकार. त्यासाठी लागणारा पासवर्ड एका साध्या फाइलीत उघडा लिहिलेला होता. ती फाइल ज्याच्या हाती पडेल, त्याला निवृत्तांची बँक-खाती वाचता आली असती.

या खटाटोपाची वस्तुतः गरज नव्हती. एकाच यंत्रावरील आज्ञावलींसाठी युनिक्समध्ये स्थानिक सॉकेट असते. 1983 च्या 4.2 बीएसडीपासून ते उपलब्ध आहे. त्याचा पत्ता म्हणजे पोर्टचा क्रमांक नव्हे, तर फाइलीचा मार्ग. म्हणून त्याला फाइलीप्रमाणे परवानग्या लावता येतात. शिवाय पोस्टग्रेसच्या 'पीअर' पद्धतीत, समोर कोण आले आहे याची खातरजमा डेटाबेस थेट ऑपरेटिंग सिस्टिमकडून करून घेतो. पासवर्डच उरत नाही. मग तो फुटणार कोठून?

अडचण होती ड्रायव्हरची. ड्रायव्हर म्हणजे आज्ञावली आणि डेटाबेस यांमधील दुभाषी. जावाच्या या दुभाष्याला यंत्राचे नाव आणि पोर्ट एवढेच रकाने ठाऊक होते. त्याचा दोष तरी काय? खुद्द जावाच्या मूळ संचात स्थानिक सॉकेट आले ते 16 व्या आवृत्तीत, मार्च 2021 मध्ये. आणि त्या कार्यालयातील जावा त्याहून जुनी होती.

ड्रायव्हरमध्ये ही जोडणी घालणे फार अवघड नसते. दोन्ही बाजूंची संदेशांची भाषा तीच राहते, केवळ वाट बदलते. पत्ता म्हणून फाइलीचा मार्ग स्वीकारावा लागतो, आणि लिनक्सवर त्या मार्गाला असलेली 108 बाइटांची मर्यादा सांभाळावी लागते. पोस्टग्रेसच्या सी भाषेतील ड्रायव्हरने तर सुटसुटीत संकेत ठरवला आहे: यंत्राच्या नावाच्या जागी तिरप्या रेघेने सुरू होणारा मजकूर आला, की तो सॉकेटच्या फोल्डरचा मार्ग समजायचा. जावाच्या ड्रायव्हरमध्ये 'सॉकेट फॅक्टरी' नावाची एक मोकळी जागा ठेवलेली आहे, आपल्या अर्जातील 'इतर' या रकान्यासारखी. तेथील तरुण अभियंत्यांनी तीच वापरून बाहेरची लायब्ररी जोडली, पासवर्ड काढून टाकला आणि पोर्ट बंद केले.

उद्या डेटाबेस दुसऱ्या यंत्रावर गेला, तर ही वाट उपयोगाची नाही; तेव्हा नेटवर्कचाच मार्ग धरावा लागेल. म्हणून चांगल्या ड्रायव्हरने दोन्ही वाटा ठेवाव्यात, आणि निवड वापरणाऱ्यावर सोडावी.

'प्रणालीत तशी सोय नाही' हे उत्तर आज देशभरातील कार्यालयांत सर्रास मिळते. ते ऐकले, की मी एवढेच विचारतो: सोय नाही, की रकाना नाही?