टेबलावरचा ओंडका

मुलांनो, तुमच्या घरी जेवणाच्या टेबलावर मधोमध काय असतं? मिठाची बरणी, लोणच्याची बाटली, पाण्याचा जग, एखाद्या घरी प्लॅस्टिकची फुलंसुद्धा! आमच्या टेबलावर मधोमध चक्क एक ओंडका आहे. सालीसकट लाकडाचा ओंडका! त्यात तीन खळगे आहेत आणि खळग्यांत तीन मेणबत्त्या. पाहुणे आले की विचारतात, "बाई, हे काय हो?" हा ओंडका कसा तयार झाला ते आज तुम्हाला सांगते. म्हणजे तुम्हालाही करता येईल.

आमचं घर रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धनजवळ. हा भाग सुपारीसाठी प्रसिद्ध आहे. 'श्रीवर्धनी रोठा' हे नाव तुमच्या आजीला नक्की ठाऊक असेल. ३ जून २०२० या दिवशी 'निसर्ग' चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा! दुपारच्या काही तासांत वाडीतल्या पोफळी मधूनच मोडल्या, माड आडवे झाले आणि परसातला जुना फणस मुळासकट उपटला गेला.

माझ्या सासऱ्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. वाडीतल्या निम्म्या पोफळी त्यांच्या वडिलांनी लावलेल्या, निम्म्या त्यांनी स्वतः. पोफळीचं रोप लावलं की फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. वादळानंतर अण्णा पडवीत खुर्ची टाकून नुसते वाडीकडे बघत बसायचे. जेवायलाही आत येत नसत. ताट बाहेर मागवायचे आणि अर्धं तसंच परत पाठवायचे. नवी रोपं आणू या म्हटलं, की म्हणायचे, "आता कुणासाठी लावू?" यावर काय उत्तर द्यायचं ते आम्हाला कळत नसे.

वीज गेली ती तीन आठवडे आली नाही. शाळा तर करोनामुळे बंदच होत्या. रात्री आम्ही वाटीत मेणबत्ती उभी करून जेवायचो. कुणाचा हात लागला की वाटी कलंडे आणि अंधार! तेव्हा चौथीत असलेली माझी मुलगी म्हणाली, "आई, ही घट्ट बसेल असं काहीतरी करू या ना." लाकडाला काय तोटा? ती पडलेल्या फणसाची एक फांदी ओढत घेऊन आली. तेवढ्यात पडवीतून आवाज आला, "ती नको गं. ओली आहे. वाळताना तडकेल. वठलेली बघ. ठोकून बघ, टणटण वाजली पाहिजे."

दोघी मिळून वाजवत सुटलो. ओल्या फांदीचा आवाज 'धप्प' येतो, वाळलेलीचा खणखणीत. फणसाची एक फांदी आधीच झाडावर वठून गेली होती, ती मिळाली. अण्णांनी करवतीने तिचा दीड फुटाचा तुकडा कापून दिला. जाडी असेल वीतभर नाही, पण चांगली चार बोटं. आतलं लाकूड पिवळंधमक! फणसाचं लाकूड असंच पिवळं असतं आणि वर्षं जातात तसं ते गडद होत जातं. आमच्या माजघराचे खांब फणसाचेच आहेत, पण ते आता इतके तपकिरी झालेत की सांगूनही खरं वाटत नाही.

आता कृती ऐका. गोल लाकूड टेबलावर गडगडतं, म्हणून आधी त्याची एक बाजू सपाट करायची. अण्णांनी ती वाकसाने तासली आणि वरून रंधा फिरवला. तुमच्याकडे वाकस नसेल तर सुतारकाकांकडून करून घ्या. मग ओंडका फरशीवर ठेवून डुगडुगतो का ते बघायचं. वरच्या बाजूला पेन्सिलीने तीन खुणा करायच्या. दोन खुणांमध्ये किमान दहा सेंटिमीटर अंतर हवं, नाहीतर एका मेणबत्तीच्या उष्णतेने दुसरी वाकते. खुणेवर गिरमिटाने भोक पाडायचं आणि पटाशीने ते रुंद करायचं. खळगा दीड सेंटिमीटर खोल पुरे. पटाशी मात्र मोठ्या माणसाच्या हातात द्या बरं का! शेवटी कडा पॉलिश पेपरने घासायच्या आणि खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा.

आता महत्त्वाचं. मेणबत्ती थेट लाकडात रोवायची नाही. लाकूड पेटतं! प्रत्येक खळग्यात पत्र्याचं एक झाकण बसवायचं. आम्ही सोड्याच्या बाटलीची बुचं वापरली. बुचात वितळलेल्या मेणाचे चार थेंब टाकून त्यात मेणबत्ती उभी करायची. ती जळत जळत दोन बोटं उरली की फुंकून टाकायची. मोठं माणूस जवळ नसताना पेटवायची नाही आणि पडद्याजवळही ठेवायची नाही.

त्या रात्री ओंडका टेबलावर ठेवला. मुलीने हाक मारली, "आजोबा, डुगडुगतोय का बघा ना!" अण्णा आत आले, खाली वाकून बघितलं, बोटाने ओंडका हलवून पाहिला आणि खुर्ची ओढून बसले. मी गुपचूप त्यांचं ताट वाढलं.

जेवण झाल्यावर मी मुलीला एक गंमत दाखवली. मेणबत्ती विझवली की वातीतून पांढरा धूर निघतो. लगेच त्या धुरापाशी जळती काडी धरली, तर काडी वातीला न लागताच मेणबत्ती पुन्हा पेटते! म्हणजे जळतं ते घट्ट मेण नव्हे, तर मेणाची वाफ. मायकेल फॅरेडे या थोर शास्त्रज्ञाने लंडनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्यानं दिली होती. त्यांचं पुस्तक १८६१ मध्ये निघालं, आणि ते आजही वाचलं जातं. अण्णांनी हा प्रयोग तीनदा करायला लावला. मग म्हणाले, "हा फणस माझ्या आजोबांनी लावला. त्यांना कुठे ठाऊक होतं, तो कोण खाणार ते!" एवढं बोलून ते थोडा वेळ गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच विचारलं, "रोपं कुठे मिळतील?" त्याच पावसाळ्यात आम्ही पोफळीची चाळीस रोपं लावली. खड्डे ह्यांनी खणले, रोपं धरली मुलीने आणि माती लोटली अण्णांनी. त्यातली काही आता माझ्या डोक्यावर गेली आहेत.

मुलांनो, तुम्हीही असा ओंडका जरूर करा. पण उभं झाड तोडायचं नाही हं! शहरात झाड तोडायला परवानगी लागते, महाराष्ट्रात त्यासाठी १९७५ चा कायदा आहे. वाऱ्याने पडलेली, वाळलेली फांदी शोधा. आणि पहिल्यांदा मेणबत्त्या लावाल तेव्हा टीव्ही, मोबाईल, पंखा सगळं बंद करा. आजी-आजोबांना मधल्या खुर्चीवर बसवा आणि विचारा, "तुमच्या लहानपणी दारात कुठलं झाड होतं?" मग बघा, जेवण किती वेळ चालतं ते!